शिमग्याला येणारा नवरा आणि रोजची गोळी

कोयनेच्या खोऱ्यातला संसार कित्येक पिढ्या गणपती-शिमग्याच्या बोलीवर चालला. पाटण-जावळीच्या डोंगरउतारांवर नाचणी, वरी आणि पावसाळी भात यांपलीकडे फारसं पिकत नसे. म्हणून घरचा कर्ता मुंबईला: गिरणीत, गोदीत, मसाला बाजारात पाठीवर पोती वाहायला. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातले, यात नवल काही नाही. नवरा गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, सुटी मिळाली तर जत्रेलाही. चार-आठ दिवस राहून परत. मग ज्येष्ठात आणि मार्गशीर्षाच्या आसपास गावात पाळणे हलायचे.

मागे राहिलेल्या या बाईच्या हातात आरोग्य खात्यानं गोळ्यांचं पाकीट ठेवलं आणि सांगितलं, रोज रात्री एक, न चुकता. तिच्या मनात पहिला हिशेब काय आला असेल, ते सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. नवरा वर्षात पंधरा-वीस दिवस घरी. त्यापायी तीनशेवर गोळ्या गिळायच्या, आणि त्या सासूच्या नजरेआड ठेवायच्या तरी कुठं? फडताळात, की तांदळाच्या डब्यात?

गर्भनिरोधक गोळीचा इतिहास बहुधा प्रयोगशाळेपासून सुरू होतो आणि अमेरिकेतल्या स्त्रीमुक्तीपाशी येऊन थांबतो. कोयनानगरच्या बाजूनं पाहिलं तर तोच इतिहास वेगळा दिसतो. गोळीचा धोका किती नि फायदा किती, याचे हिशेब साठ वर्षं होत आले. पण ते जिच्यासाठी मांडायचे तिला बाजूला बसवून.

महाराष्ट्राची सुरुवात तशी उशिराची नव्हती. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली, लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपला दवाखाना उघडला त्याच वर्षी. या उद्योगापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ च्या जुलैपासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, ते थेट १९५३ मध्ये मरेपर्यंत. मासिकावर खटले झाले, दंड झाले. त्यातला १९३४ चा खटला त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला आणि तो हरलेही. कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकवणारे ना. सी. फडके याच विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहीत होते. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात आंबेडकरांच्या पक्षातर्फे रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही पडला.

कर्व्यांच्या हाती होती ती साधनं रबराची आणि रसायनांची. त्यातलं बरंचसं डॉक्टरनं किंवा नवऱ्यानं वापरायचं. बाईनं एकटीनं, कुणाला न सांगता, पाण्याच्या घोटाबरोबर घ्यावं असं काही त्यांच्या हयातीत निघालं नाही. त्यांच्या शेवटच्या वर्षांत मात्र त्याची जुळवाजुळव सुरू झाली होती. १९५१ मध्ये मेक्सिकोत रानकंदापासून काढलेल्या द्रव्यातून तोंडावाटे लागू पडणारं प्रोजेस्टिन तयार झालं आणि अमेरिकेत ग्रेगरी पिंकस यांनी प्राण्यांवर प्रयोग मांडले. १९५२ च्या नोव्हेंबरात कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईतच भरली, आणि आज जगभर चालणारी त्या विषयाची संस्था तिथंच स्थापन झाली. त्याच वर्षी भारत सरकारनं कुटुंबनियोजन अधिकृत कार्यक्रम म्हणून हाती घेतलं.

माणसांवरची मोठी चाचणी १९५६ मध्ये झाली ती प्वेर्तो रिको बेटावर, गरीब वस्तीतल्या बायकांवर. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं की गोळी गर्भ रोखण्यात अचूक आहे, पण शेकडा सतरा बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या होतात आणि हे सर्वसाधारण वापराला चालणारं नाही. वरिष्ठांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. बायकांच्या मनाचे खेळ म्हणून तक्रारी बाजूला सारल्या गेल्या. त्या पहिल्या गोळीत प्रोजेस्टिन १० मिलिग्रॅम आणि इस्ट्रोजेन दीडशे मायक्रोग्रॅमच्या आसपास होतं. आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एनमध्ये प्रोजेस्टिन ०.१५ मिलिग्रॅम आणि इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम असतं. द्रव्यं तीच नव्हेत, त्यामुळे तुलना ढोबळ. तरी त्या बायकांच्या पोटात किती जास्त औषध गेलं याचा अंदाज यायला पुरेशी. मळमळ मनाची नव्हती.

१९६० मध्ये अमेरिकेनं या गोळीला गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली, तेव्हा कोयनेवर धरणाची भिंत चढत होती. शंभराच्या आसपास गावं उठली. कुणी सांगलीकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी कोकणात. धरणाच्या इतिहासात जमीन, भरपाई, गावठाण यांचा हिशेब येतो. उठलेल्या गावाबरोबर ओळखीची सुईण, माहेरचं जवळ असणं, अडलेल्या बाईला खांद्यावर घालून नेणारे चार शेजारी हेही उठलं. त्याची नोंद कुठल्या पंचनाम्यात नाही. काठावर वर सरकलेल्या वाड्यांची गत आणखी अवघड झाली. शिवसागर जलाशयाचं पाणी मध्ये आल्यावर दवाखाना म्हणजे आधी होडी, मग वाट, मग एस. टी.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी भूकंप झाला. कोयनानगर जवळजवळ सगळं कोसळलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो जखमी झाली. पुढचे महिने सगळ्या देशाच्या तोंडी कोयनेचं नाव होतं. धरणाच्या पाण्यानं भूकंप झाला की नाही, हा वाद तेव्हा सुरू झाला तो भूगर्भशास्त्रज्ञ अजून अभ्यासतात.

त्याच सुमारास, इंग्लंडमध्ये, गोळीच्या धोक्याचा पहिला पक्का आकडा हाती आला. १९६१ मध्ये सफक परगण्यातले डॉ. जॉर्डन यांनी ‘लॅन्सेट’ला कळवलं होतं की गोळी घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली. एका रोग्यावरून काही ठरत नाही. मग १९६८ च्या एप्रिलमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इनमन आणि व्हेसी यांनी गणित मांडलं. २० ते ३४ वयाच्या, एरवी निरोगी बायकांत गुठळीनं होणारे मृत्यू गोळी घेणाऱ्यांमध्ये वर्षाला लाखात दीड, न घेणाऱ्यांमध्ये ०.२. पस्तिशीनंतर लाखात जवळजवळ चार, आणि न घेणाऱ्यांत अर्धा. धोका खरा होता, सातपटीनं वाढणारा होता, आणि इस्ट्रोजेनमुळे होता. १९६९ च्या डिसेंबरात ब्रिटिश औषध-सुरक्षा समितीनं ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळायला सांगितलं. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकन सिनेटपुढं सुनावण्या झाल्या. त्यात गोळी घेणारी एकही बाई साक्षीला बोलावलेली नव्हती, म्हणून प्रेक्षकांतल्या बायकांनी उठून आरडाओरडा केला. गोळीच्या पाकिटात धोक्याचा कागद घालणं सुरू झालं ते त्यानंतर.

आता हा ‘सातपट’ शब्द कोयनेच्या खोऱ्यात आणून पाहू. लंडनच्या बाईपुढं प्रश्न होता, गोळी की दुसरं एखादं साधन. कोयनाकाठच्या बाईपुढं प्रश्न होता, गोळी की आणखी एक बाळंतपण. आणि त्या काळच्या भारतात लाख बाळंतपणांमागे बायका मरत त्या शेकड्यांनी: रक्तस्रावानं, अडून, बाळंतरोगानं. गुठळीचाच हिशेब केला तरी तीच गोष्ट. आज मानले जाणारे आकडे असे: गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांत वर्षाला १ ते ५ जणींना शिरेत गुठळी होते, गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९, गरोदरपणात ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत ४० ते ६५, तेही वर्षाच्या हिशेबानं. म्हणजे ज्या धोक्यासाठी गोळी बदनाम झाली तो धोका ज्या गोष्टीपासून गोळी वाचवते तिच्यात जास्त आहे. हे गणित खोऱ्यातल्या बाईला कुणी सांगितलं असतं तर तिला ते चुटकीसरशी कळलं असतं. बाळंतपण किती जिवावरचं असतं, हे तिला आकड्यांवाचून ठाऊक होतं.

सांगितलं मात्र नाही. उलट, ती रोज लक्षात ठेवणार नाही असं गृहीत धरलं. साठ-सत्तरच्या दशकात गोळी शहरांतल्या केमिस्टकडे मिळत होती, पण सरकारी कार्यक्रमात ती प्रायोगिकच राहिली. खर्च हे एक कारण होतं, धोक्याबद्दलची खरीखुरी शंका हे दुसरं. तिसरं कारण फाइलीत इतक्या सभ्य शब्दांत असे की चटकन कळू नये: खेड्यातली अडाणी बाई. तिच्यावर भरवसा टाकण्यापेक्षा एकदाच करून मोकळं होण्याची साधनं बरी. आधी १९६५ पासून गर्भाशयात बसवायचा लूप. घाईघाईनं बसवला, नंतर कुणी विचारपूस केली नाही, बायकांच्या अंगावरून जाऊ लागलं, आणि दोन वर्षांत लूपचं नाव काढलं की बाया घरात जाऊ लागल्या. मग नसबंदी. महाराष्ट्र विधिमंडळानं १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. १९७६-७७ च्या एका वर्षात देशात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. केंद्रातलं सरकार पडलं. त्यानंतर पुरुष पुन्हा म्हणून त्या टेबलावर चढले नाहीत, आणि सगळा भार बाईवर आला. शिबिरं, जीपा, उद्दिष्टं, आणि ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’. धाकटं मूल वर्षाचं झालं की शेताच्या कामाला खंड नको म्हणून उन्हाळ्यात नंबर लावायचा. आजही महाराष्ट्रात विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्या जणींनी हेच साधन वापरलेलं आहे. पाळणा थांबवायची सोय झाली. लांबवायची मात्र झाली नाही. अठराव्या वर्षी लग्न, एकविसाव्या वर्षापर्यंत दोन मुलं, तेविसाव्या वर्षी ऑपरेशन, हा क्रम सातारा जिल्ह्यात कुणाला वावगा वाटत नसे.

ऐंशीच्या दशकात हार्मोनची चर्चा महाराष्ट्रात पेटली ती गोळीवरून नव्हे. जास्त मात्रेची इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन औषधं तेव्हा सर्रास विकली जात. पाळी चुकली की केमिस्टकडून दोन गोळ्या आणायच्या. पाळी आली तर ठीक, नाही आली तर दिवस गेलेत. बऱ्याच जणी याच गोळ्यांना गर्भ पाडायचं औषध समजत. गर्भाला व्यंग येण्याची भीती दाखवणारे अभ्यास परदेशात आले होते. मेडिको फ्रेंड सर्कलसारख्या डॉक्टरांच्या गटांनी आणि स्त्री-संघटनांनी लावून धरलं. १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, कंपन्यांनी कोर्टातून स्थगिती आणली, आणि गोळ्यांवरची बंदी यायला १९८८ उजाडलं. नेट-एन या इंजेक्शनचंही तसंच. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पटानचेरूच्या शिबिरात बायकांना पुरेसं न सांगता ते टोचलं जातंय हे स्त्रीशक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

या चळवळीचं ऋण मोठं आहे. बाईला विचारा, तिला सांगा, हे सरकारी कागदावर आलं ते चळवळीमुळे. पण त्या धुरळ्यात एक गफलतही झाली, असं मला वाटतं. ‘हार्मोन म्हणजे वाईट’ एवढंच खाली झिरपलं. कितीतरी जास्त प्रोजेस्टिनचं औषध, दोन महिने अंगात राहणारं इंजेक्शन आणि मनात आलं की बंद करता येणारी कमी मात्रेची गोळी, सगळ्यांची एकच मोट बांधली गेली. गावात त्याला आपली भाषा होतीच: गोळ्या उष्ण पडतात, अंग सुटतं, पुढं मूल राहत नाही. यातलं शेवटचं सपशेल खोटं. गोळी बंद केली की एक-दोन महिन्यांत पाळी पूर्ववत येते आणि दिवस राहू शकतात. एखादीला थोडा जास्त वेळ लागतो इतकंच.

माला-डी १९८७ मध्ये स्वस्तात बाजारात आली, तिचीच सरकारी बहीण माला-एन फुकट. पाकीट पाहण्यासारखं आहे. अठ्ठावीस गोळ्या, बाण काढलेले. एकवीस पांढऱ्या, त्यांत हार्मोन. उरलेल्या सात तपकिरी, त्यांत लोह. त्या घेताना पाळी येते. बायका याच सात फेकून देत, ‘ह्या नकोत, ह्या नुसत्या टॉनिकच्या’ म्हणून, आणि नवं पाकीट सुरू करायचा दिवस चुकत असे. खरं म्हणजे या सात गोळ्या ज्यानं घातल्या त्यानं बाई पाहिलेली असावी. पंडुरोगानं पांढऱ्या पडलेल्या बायकांत गोळीनं पाळीचा रक्तस्राव कमी होतो, वर लोह मिळतं. पाळीतली पोटदुखी कमी होते. आणि जी गोष्ट कुठल्याच उपकेंद्रात सांगितली जात नाही ती ही: पाच वर्षं गोळी घेतली तर बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका सुमारे एक पंचमांश उतरतो, पंधरा वर्षांत निम्म्यावर येतो, आणि गोळी सोडल्यावरही अनेक वर्षं हा आधार टिकतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचंही तसंच. दुसऱ्या पारड्यात, गोळी चालू असताना स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. सोडल्यावर दहा वर्षांत तो फरक उरत नाही. ब्रिटनमध्ये १९६८ मध्ये ४६ हजार बायकांची नोंद करून सुरू झालेल्या अभ्यासाचा चाळीस वर्षांनंतरचा निष्कर्ष असा की गोळी घेतलेल्यांत एकूण मृत्यू जास्त नव्हते, उलट किंचित कमीच होते.

तरी गोळी सगळ्यांसाठी नाही, आणि इथं नर्सबाईंची दहा मिनिटं फार मोलाची. रक्तदाब जास्त, पूर्वी गुठळी झालेली, यकृताचा आजार, डोळ्यांपुढं चकाकी येऊन उठणारी अर्धशिशी, पस्तिशीनंतरचं धूम्रपान: यांतलं काही असेल तर ही गोळी नको. क्षयावर रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळी नीट लागू पडत नाही. मुंबईहून खोकला घेऊन परतणाऱ्या घरांत हे विचारायलाच हवं. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने ती देत नाहीत. या यादीत साताऱ्याची एक खास अडचण आहे. फॉर्मवर प्रश्न असतो विडी-सिगारेटचा. बाई खरंच सांगते, नाही ओढत. आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत असते. भाजून काळी केलेली असली तरी ती तंबाखूच. सिगारेटचे आकडे मिश्रीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण निदान दंडाला पट्टा बांधून रक्तदाब तरी मोजावा. पाकीट देणं सोपं असतं. पट्टा कधी फाटलेला असतो, कधी तालुक्याला गेलेला.

२००७ मध्ये सातारा जिल्हा परिषदेनं एक योजना काढली, जिची बातमी न्यूयॉर्कपर्यंत गेली. नवविवाहित जोडप्यानं पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. वर्तमानपत्रांनी तिला ‘हनिमून पॅकेज’ म्हटलं आणि चेष्टाही भरपूर झाली. चेष्टेखाली दडलेली गोष्ट महत्त्वाची होती. पहिल्यांदाच सरकार ऑपरेशनच्या आधीच्या वर्षांबद्दल बोलत होतं. नर्सबाई नव्या सुनेला घरी जाऊन भेटत, निरोध आणि गोळ्या देत, आणि सासूशी बोलत. पैशापेक्षा हे शेवटचं कठीण. लग्नाला वर्ष झालं तरी काही नाही, हे गावात बोलायला लागणारी तीच असते. तिच्या हातात कारण म्हणून पाच हजारांचा आकडा आला, तर सुनेची बाजू थोडी भक्कम झाली. पैसे देऊन वागणं बदलावं का, यावर वाद घालता येईल. पण ऑपरेशनसाठी बाईला पैसे देण्यावर चाळीस वर्षं कुणी हसलं नव्हतं.

२०११ पासून आशाताई गोळ्या घरपोच देऊ लागल्या, पाकिटामागे एक रुपया घेऊन. गावातलीच बाई असल्यामुळे पदराआडून देणंघेणं सोपं झालं. पण गणपती-शिमग्याचा प्रश्न सुटला नव्हता. मुंबईची नवी मुंबई झाली, गिरणीच्या जागी वॉचमनची नोकरी आली. नवरा अजूनही सुटीतच येतो. मधल्या महिन्यांत गोळी बंद करून तो यायच्या दिवशी सुरू करणाऱ्या जणी आहेत. गोळी अशी चालत नाही. ती बीज सुटूच देत नाही, त्यासाठी आधीचे सात दिवस तरी ती सलग पोटात जावी लागते.

२०१७ पासून केंद्रावर आणखी दोन पर्याय आले. एक ‘छाया’: लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलेली, हार्मोन नसलेली गोळी, जी १९९१ पासून ‘सहेली’ नावानं विकली जात होती. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. काही जणींची पाळी लांबते, एवढी तक्रार. दुसरं ‘अंतरा’: तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन. नेट-एनच्या खटल्यात २००० साली सरकारनंच न्यायालयाला सांगितलं होतं की असं इंजेक्शन सरसकट कार्यक्रमात देणं योग्य नाही, देखरेखीची सोय असेल तिथंच द्यावं. औषध वेगळं, पण प्रश्न तेच. अंतरानं पाळी अनियमित होते, पुढं कित्येकींची बंदच होते. ते धोक्याचं नाही; मात्र आधी सांगितलेलं नसेल तर पाळी थांबलेली बाई दुसऱ्या इंजेक्शनला फिरकत नाही, आणि गावात तिच्या शेजारणीही येत नाहीत.